पुणेकरांनी गाव जपून सांगावं: ईवुड पार्कचा रिव्ह्यू

पाचपैकी किती तारे द्यायचे हे ठरवायला मला दोन सीझन लागले, आणि अजून पक्कं ठरलेलं नाही. ईवुड पार्कला, म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश फुटबॉल क्लबाच्या मैदानाला, चार. माणसांना पाच. बटर पायला साडेचार. फुटबॉलचं पुढे सांगते, कारण ते एका आकड्यात बसत नाही.

मी पुण्याची, सिंहगड रोडची. आता बोल्टनला राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. भारतातून कुणी आलं की पहिली मागणी ठरलेली असते: ओल्ड ट्रॅफर्ड नाहीतर अ‍ॅनफिल्ड दाखव. दाखवते. पण जाताना विचारते, खरं फुटबॉल बघायचंय का? मग शनिवारी बोल्टनहून ब्लॅकबर्नची गाडी पकडू. अर्ध्या तासाचं काम. गाडी डार्वेनवरून जाते, दोन्ही बाजूंना टेकड्या, मेंढ्या, आणि बंद पडलेल्या सूतगिरण्यांची धुराडी. ब्लॅकबर्नला उतरून गाडी बदलून मिल हिलला जाता येतं आणि तिथून वीसेक मिनिटं चालत. आम्ही बहुतेक वेळा ब्लॅकबर्नहून चालतच जातो, कारण रस्ताभर निळे-पांढरे मफलर हळूहळू वाढत जातात ते बघायला मला आवडतं. पालखी कुठल्या गल्लीतून येतेय हे जसं गर्दीवरून कळतं, तसं.

पहिल्यांदा गेले ती २०२३ च्या शरद ऋतूत. कारण मी नाही, लेक. तेव्हा दहा वर्षांची होती, शाळेच्या संघात डाव्या बाजूला खेळायची, आणि तिला खरी मॅच बघायची होती. मँचेस्टरच्या तिकिटांचे भाव बघून मी लॅपटॉप मिटला होता. इथे आम्हा दोघींची तिकिटं मिळून तिथल्या एका तिकिटाहून कमी पडली. जागा मिळाली रिव्हरसाइड स्टँडमध्ये. हा मैदानाचा सगळ्यात जुना आणि बुटका भाग, मागून डार्वेन नदी वाहते. बाकीच्या तीन बाजू उंच, नव्या, ऐटबाज. रिव्हरसाइडमध्ये बसलं की त्या तीन श्रीमंत बाजूंकडे बघत बसता येतं. आम्हाला तेच बरं.

माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते. मध्ये एक खुर्ची रिकामी. त्यांनी लेकीला गोळी दिली, मला 'लव्ह' म्हणाले (इथे बसचालकापासून डॉक्टरपर्यंत सगळे सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात, दचकू नका) आणि विचारलं, "कुठल्या?"

"इंडिया."

"ते कळलं. इंडियात कुठल्या?"

"पुणे."

त्यांचं तोंड चघळता चघळता थांबलं. मग ते मागे वळले आणि मागच्या ओळीला मोठ्यानं सांगितलं, "ही पुण्याची आहे!" मागची ओळ पुढे झुकली. कुणीतरी म्हणालं, "चिकन?" आणि सगळी रांग हसली. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, नाशिक सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर २०१० पासून वेंकीजच्या मालकीचा आहे. हो, तेच. सिंहगड रोडवरचं वेंकटेश्वरा हाउस, तेच. फ्रीजरमधले नगेट्स, तेच. अंड्यांचा भाव जाहीर करणारी एनईसीसी ज्यांनी उभी केली, त्या डॉ. बी. व्ही. राव यांचं घराणं. शाळेत असताना मी रोज बसमधून त्या इमारतीवरून जायचे. 'आमची कोठेही शाखा नाही' असं अभिमानानं लिहिणाऱ्या गावातून एक शाखा निघाली, ती थेट लँकेशायरात.

आणि या गावात पुणे म्हणजे पेशवे नाहीत, विद्यापीठ नाही, आयटी पार्क तर नाहीच. पुणे म्हणजे मालक. माझ्यासारखीनं 'पुणे' म्हणणं म्हणजे गिरणी बंद पडलेल्या चाळीत जाऊन 'मी शेठजींच्या गावची' म्हणण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे रोव्हर्सना मी आधी पाहिलेलं होतं, तेही पुण्यात. ऑक्टोबर २०११ मध्ये ते बालेवाडीला आले होते, पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळायला. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, ऑफिसातल्या एकानं पास दिले म्हणून नवऱ्याबरोबर गेले होते. ३-० असे जिंकले. प्रीमियर लीगमधला संघ आपल्या बालेवाडीत, म्हणून सगळे हरखलेले. मी आजोबांना हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "त्या महिन्यात आम्ही तळाला होतो. इथे लीग चालू होती, आणि आमची पोरं तुझ्याकडे फिरायला आली होती." मग जरा थांबून, "आणि चिकनची जाहिरात करून आली." तीही खरी गोष्ट आहे. ड्रेसिंग रूममध्ये बसून खेळाडू मन लावून चिकन खाताहेत, अशी जाहिरात त्या वर्षी निघाली होती. इथल्या माणसाला हरलेला सामना आठवत नसेल, ती जाहिरात आठवते.

आता मैदानाबद्दल. ३१ हजारांच्या वर माणूस बसेल एवढं मोठं आहे, आणि नेहमीच्या शनिवारी निम्म्याच्या आसपास खुर्च्या रिकाम्या असतात. गाव केवढं, मैदान केवढं! याचं उत्तर बाहेर पुतळ्याच्या रूपात उभं आहे: जॅक वॉकर. इथलाच माणूस, पोलादाच्या धंद्यात पैसा केला आणि सगळा जीव या क्लबात ओतला. १९९२ मध्ये अ‍ॅलन शियररला आणला, केनी डलग्लिशच्या हाती संघ दिला, आणि १९९४-९५ ची प्रीमियर लीग जिंकली. शियररचे त्या मोसमात ३४ गोल. शेवटच्या दिवशी रोव्हर्स अ‍ॅनफिल्डला २-१ हरले, पण तिकडे वेस्ट हॅमकडे मँचेस्टर युनायटेडला बरोबरीत अडकावं लागलं, आणि हरूनही हे विजेते झाले. आजोबा त्या दिवशी अ‍ॅनफिल्डला होते. हरल्यावर नाचणं ही सवय तेव्हापासूनची, असं ते म्हणतात. पण नाचायला कारण मात्र परत मिळालं नाही, असंही. २००२ चा लीग कप आहे, पण त्यावर ते फक्त मान हलवतात, जेवणावर पापड आठवावा तशी.

वॉकर २००० साली गेले. दहा वर्षांनी क्लब पुण्याला विकला गेला. पुढचं सगळं आजोबांनी मला एका मध्यंतरात सांगितलं, आणि मी ते पुन्हा पडताळून पाहिलं, कारण माझा विश्वास बसेना. आल्या आल्या महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना घरी पाठवलं. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन. लोकांनी विमानाला फलक बांधून मैदानावरून फिरवला, कीन जा म्हणून. मे २०१२ मध्ये घरच्याच मैदानावर विगनकडून १-० हरून प्रीमियर लीगमधून खाली आले, आणि त्या सामन्यात कुणीतरी रोव्हर्सच्या रंगाचं कापड पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली. पुढच्याच मोसमात हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकल अ‍ॅपलटन ६७ दिवस. आमच्या सोसायटीत वॉचमनसुद्धा यापेक्षा जास्त टिकतो. २०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ हरवून, केवळ गोलफरकावर तिसऱ्या श्रेणीत घसरले. प्रीमियर लीग जिंकलेला संघ तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिली वेळ.

ती मधली रिकामी खुर्ची मात्र त्यांनी सांगितली नाही. ती मला तिसऱ्या-चौथ्या सामन्याला कळली.

ती त्यांच्या धाकट्या भावाची. तो २०१२ पासून आत आलेला नाही. मालक बदलेपर्यंत क्लबाला एक पेनी देणार नाही, अशी शपथ घेतली आहे. पण दर शनिवारी आपल्या गाडीनं थोरल्याला मैदानावर सोडतो कोण? तोच. मग गाडी दोन गल्ल्या सोडून लावतो, थर्मास उघडतो, आणि नव्वद मिनिटं गाडीत बसून रेडिओवर कॉमेंटरी ऐकतो. मैदानात ओरडा झाला की काच खाली करून ऐकतो, रेडिओच्या आधी. सामना संपला की थोरल्याला घेऊन घरी. दहा-बारा वर्षं हे चाललंय. मी पहिल्यांदा त्यांना भेटले तेव्हा ते काचेतून म्हणाले, "पुण्याच्या ना तुम्ही? आत जाऊन पैसे देता. म्हणजे तुमचे पैसे तुमच्याच गावाला परत." आणि मग लेकीला बिस्किट दिलं.

कुणी शहाणा म्हणेल, असा बहिष्कार काय कामाचा? मी पण म्हटलं होतं. पण नंतर आठवलं, आमच्या आत्यानं वाड्याच्या वाटणीवरून भावाशी बोलणं टाकलं होतं, आणि दर भाऊबीजेला त्याच्या दारासमोरच्या देवळात येऊन बसायची. त्यालाच माया म्हणतात की हट्ट, ते आत्यालाही सांगता आलं नसतं.

खाण्याकडे वळते, कारण रिव्ह्यू आहे आणि पुण्याहून आलेला माणूस हे विचारणारच. मैदानाच्या आसपास चिप्सची दुकानं आहेत. चिप्सवर ग्रेव्ही ओततात (शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं) आणि बाजूला हिरव्या वाटाण्याचं गरगट देतात, मशी पीज. दिसायला काही नाही, पण थंडीत गरमागरम, वर व्हिनेगर मारून, बरं लागतं. माझी शिफारस बटर पाय: आत बटाटा, कांदा आणि भरपूर लोणी, बाकी काही नाही. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या इथल्या कॅथलिकांची ही सोय. आपल्या बेकरीतल्या पॅटिसचं थोरलं, खात्यापित्या घरचं भावंड समजा. मी पिशवीत हिरव्या मिरचीचा ठेचा नेते, आजोबांनाही आता लागतो. एक सावधगिरी: कागदी पेल्यात वाफाळणारं तपकिरी काही दिसलं तर चहा समजून घेऊ नका. ते बोव्हरिल, गोमांसाचा अर्क. आमच्या सासूबाई थोडक्यात वाचल्या. आणि बिअर घेऊन जागेवर जायचा विचार करू नका, इंग्लंडात १९८५ च्या कायद्यापासून मैदान दिसेल अशा ठिकाणी पिता येत नाही. खेळ बघवत नाही म्हणून जिन्याखाली पीत उभे राहणारे मात्र बरेच दिसतात.

आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांना परकं वाटेल का? गावात गुजराती आणि पाकिस्तानी मुसलमान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गिरण्यांच्या काळापासून. २०२२ च्या ईदला या क्लबानं याच हिरवळीवर नमाजासाठी मैदान उघडून दिलं, इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांमध्ये पहिल्यांदा. मला तरी आजवर एकाच गोष्टीवरून छेडलंय, आणि ती म्हणजे गाव.

मालकांच्या बाजूनंही एक वाक्य लिहायला हवं, नाहीतर तो रिव्ह्यू नव्हे, भांडण. हा क्लब वर्षानुवर्षं तोट्यात चालतो, आणि तो तोटा पुण्याहून आलेल्या पैशानंच भरला गेलाय. मालकांनी हात वर केले असते तर दिवे कधीच गेले असते. हे आजोबाही कबूल करतात, गाडीतले धाकटेही. पण भारतात तपासयंत्रणेची चौकशी लागल्यापासून इकडे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागायची वेळ आली. विचार करा, ब्लॅकबर्नमधला निवृत्त छपाई कामगार सकाळी उठून दिल्लीच्या कोर्टाची तारीख बघतो. "पुढची सुनावणी कधी?" हे आजोबांनी मला विचारलं होतं. मी फार्मासिस्ट! पण मी शोधून सांगितलं.

आणि याच काळात, २०२४ च्या सुरुवातीला, अ‍ॅडम व्हार्टन विकला गेला. सहा वर्षांचा असल्यापासून क्लबाच्या अकादमीत वाढलेला, याच गावचा पोरगा. त्याच्याकडे चेंडू आला की आजूबाजूच्या सगळ्यांना वेळ कमी पडतो आणि त्याला मात्र जास्त मिळतो. क्रिस्टल पॅलेसनं १ कोटी ८० लाख पौंड मोजले, आणि त्याच उन्हाळ्यात तो युरोसाठीच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठीच्या, इंग्लंडच्या संघात. लेकीनं त्याच्या जाण्यावर दोन दिवस जेवताना बोलणं टाकलं. त्या मोसमात संघ कडेलोटावर आला होता. शेवटच्या दिवशी लेस्टरला जाऊन २-० जिंकले तेव्हा वाचले. सॅमी स्मॉडिक्सचे २७ गोल झाले, चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, सगळ्यात जास्त, आणि संघ तरीही १९ वा. असं फक्त इथेच जमतं.

२०२४-२५ मध्ये वाटलं, आता काही खरं आहे. फेब्रुवारीत पाचवा क्रमांक, जॉन युस्टेस नावाचा गंभीर, कमी बोलणारा प्रशिक्षक. आणि तो निघून गेला. कुठे? डर्बीला, जे तेव्हा तळाशी घसरणीच्या जागेत होते. पहिल्या सहाच्या आत असलेल्या संघाचा प्रशिक्षक, बुडत्या बोटीवर उडी मारतो, म्हणजे आमच्या बोटीत त्याला काय दिसलं असेल? शेवटी सातवे आलो, दोन गुणांनी हुकलो. त्याच्या दोन वर्षं आधीही सातवेच होतो, तेव्हा गोलफरकानं. तेव्हा पहिल्या सहांनाच प्रीमियर लीगमध्ये जायची संधी मिळायची. सातवा क्रमांक हा रोव्हर्सचा कायमचा पत्ता झालाय: दाराशी, पण पायरीवर.

पण माझा सगळ्यात मोठा राग या कशावरच नाही. मे २०२५ मध्ये क्लबानं आपला महिला संघ इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. तिथे टिकायला ज्या सोयी आणि खर्च लागतो तो करायचा नाही, म्हणून. जॉर्जिया स्टॅनवे, एला टून, किएरा वॉल्श, २०२२ ची युरो जिंकणाऱ्या या तिघी कधीकाळी ब्लॅकबर्नच्या निळ्या-पांढऱ्या शर्टात खेळलेल्या आहेत. लेकीच्या भिंतीवर तिघींचे फोटो आहेत. बातमी मी तिला सांगितली नाही, तिनंच मला सांगितली, शाळेतून आल्यावर बूट न काढता. मग म्हणाली, "पुण्यातल्या लोकांना मुली खेळलेल्या आवडत नाहीत का?" मी पुण्यात तीस वर्षं काढलीत. काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. तारे देताना माझा हात अडतो तो इथे.

तरी नव्या मोसमाचा पास काढला. का काढला हे नवऱ्यानं विचारलं, तेव्हा म्हटलं, त्या रिकाम्या खुर्चीच्या पलीकडे आजोबा एकटे पडतील. हे पूर्ण खरं नव्हतं. खरं हे, की शनिवारी दुपारी तीन वाजता मी कुठेही असले, दुकानात औषधं मोजत असले तरी, माझं लक्ष फोनवरच्या स्कोअरकडे असतं. आणि नव्वद टक्के वेळा तो बघून मी फोन पालथा ठेवते.

आता ज्या दिवसामुळे हा रिव्ह्यू लिहायला बसले तो दिवस. २० सप्टेंबर २०२५, समोर इप्सविच. सकाळपासून पाऊस. आपल्याकडचा आषाढातला धोधो नव्हे, पण थांबायचं नाव न घेणारा. लेकीनं शाळेचा रेनकोट घातला, मी पुण्याहून आणलेली ती जुनी विंडचीटर. आणि काय सांगू, रोव्हर्स चांगले खेळले! १-० आघाडी. इप्सविचचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर, म्हणजे ते दहाच. घड्याळात दहाएक मिनिटं उरलेली. आजोबा उभे होते, मी उभी होते, शक्य असतं तर नदीपलीकडची गाडीही उभी राहिली असती.

पण चेंडू पळेना. पास दिला की डबक्यात जाऊन थांबायचा, थप्पकन. पाणी उडायचं, खेळाडू चेंडूपुढे निघून जायचे आणि मागे वळून शोधायचे. बालवाडीतली मुलं डबक्यात कागदी होड्या सोडतात तसं दिसत होतं. मैदानावरची माणसं पाणी ढकलत होती, वरून आणखी पडत होतं. पंचांनी चेंडू हातानं टाकून पाहिला. उसळला नाही. पुन्हा टाकला. नाहीच उसळला. दोन्ही संघ आत गेले, आम्ही सगळे उभे, आणि मग घोषणा झाली: सामना थांबवण्यात आला आहे.

आजोबा खाली बसले. काही बोलले नाहीत. मागून एकजण म्हणाला, "जिंकत असलो की पाऊस. हरत असताना एकदा पड म्हणावं." लीगनं नंतर काय ठरवलं? सामना पुन्हा खेळायचा, पहिल्या मिनिटापासून, ०-० वरून, समोर अकराच्या अकरा. आमची आघाडी आणि त्यांचं लाल कार्ड, दोन्ही डार्वेन नदीतून वाहून गेलं.

गाडीपाशी पोचलो तर धाकट्यांची काच खाली होती आणि बाही भिजलेली. रेडिओनं त्यांना आधीच सांगितलं होतं. थोरल्याला आत बसवलं, हीटर लावला, आम्हालाही स्टेशनवर सोडतो म्हणाले. गाडीत चौघं, पाचवा रेडिओ. रेडिओवर माणसं फोन करून रडत होती, ओरडत होती, आणि प्रत्येकजण शेवटी म्हणत होता, पुढच्या आठवड्यात येतो. स्टेशन आलं तेव्हा धाकटे मला म्हणाले, "दिवाळीला घरी जाणार ना? त्यांचं ऑफिस तुझ्या रस्त्यावर आहे म्हणतेस. बघून ये एकदा." काय बघून येऊ, विचारलं. "काहीतरी," म्हणाले.

म्हणून दिवाळीत गेले. पुण्यात ऑक्टोबरची हीट, सिंहगड रोडवर नव्या उड्डाणपुलानंतरही तीच वाहतूक, आणि मी गळ्यात लोकरीचा निळा-पांढरा मफलर घालून वेंकटेश्वरा हाउससमोरच्या बाजूला उभी. लेक फोटो काढत होती. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "ताई, थंडी वाजतेय का? दवाखान्यात सोडू?" शेजारच्या दुकानात अंड्यांचा भाव खडूनं लिहिलेला होता. बस आडवी आली म्हणून पहिले दोन फोटो वाया गेले, तिसऱ्यात मी, मफलर आणि मागे इमारत असं सगळं नीट आलं.

आजोबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, म्हटलं धाकट्यांनाही दाखवा. तिकडे सकाळ होती. तासाभरानं उत्तर आलं, धाकट्यांनी टाइप केलेलं असणार, कारण आजोबा कधी पूर्णविराम देत नाहीत.

"म्हणजे इमारत खरंच आहे तर."